समुद्र मोजणारी पितळी चाकं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर किंग्ज लिन हे जुनं बंदर आहे. तिथल्या सेंट मार्गारेट चर्चसाठी टॉमस टू नावाच्या घड्याळजीने १६८३ साली एक घड्याळ केलं. ते किती वाजले हे सांगायचं नाही, भरती कधी येणार हे सांगायचं. आज तिथे दिसतं ते घड्याळ मागाहून केलेलं असलं, तरी कल्पना तीच आहे. तबकडीवर आकड्यांच्या जागी 'लिन हाय टाइड' या शब्दांची इंग्रजी बारा अक्षरं आहेत आणि एक हिरवा ड्रॅगन जीभ बाहेर काढून त्यांच्याभोवती फिरतो. जीभ ज्या अक्षरावर, ती त्या दिवशीच्या भरतीची वेळ. शेजारीच चंद्राची कला दिसते. गाळाने भरलेल्या खाडीतून जहाज बाहेर काढायचं तर खलाशाला एवढं कळणं पुरेसं होतं.

भरतीच्या घड्याळाचं मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. म्हणून एका भरतीपासून दुसरीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटं जातात. आज युरोप-अमेरिकेत किनाऱ्यावरच्या घरांतून भिंतीला लावलेली भरतीची घड्याळं दिसतात. त्यांना एकच काटा असतो आणि तो बरोबर तेवढ्या वेळात एक फेरा पुरा करतो. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी ऐन भरतीला काटा वर नेऊन ठेवला की काम झालं.

पण समुद्र एकट्या चंद्राचं ऐकत नाही. सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जोराने. पौर्णिमा-अमावास्येला दोघांची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण येतं; अष्टमीच्या सुमारास ती आडवी पडते तेव्हा भांग. या दोहोंच्या मधल्या दिवसांत भरतीची वेळ कधी सरासरीच्या पुढे पळते, कधी मागे रेंगाळते. मुंबईसारख्या बंदरात एकट्या चंद्रावर चालणारं घड्याळ या कारणाने पाऊण तासापर्यंत चुकू शकतं. मेक्सिकोच्या आखातात काही ठिकाणी तर दिवसातून एकदाच भरती येते. तिथे हे घड्याळ भिंतीची शोभा वाढवण्यापलीकडे कशाचंच नाही.

कोकणात अशा घड्याळावाचून कुणाचं अडलं नाही, कारण तिथे हिशेब तोंडी होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. इंग्लंडमध्येही असाच हिशेब होता. सेंट ऑल्बन्सच्या मठातल्या तेराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात लंडन पुलाखालच्या भरतीचा तक्ता आहे, युरोपातल्या सर्वांत जुन्या तक्त्यांपैकी एक. त्यात चंद्राच्या वयाच्या दर दिवसामागे ४८ मिनिटं वाढवत नेली आहेत. चोवीस तास भागिले तीस, इतका सरळ हिशेब. कोकणातली पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटं. पंधरा तिथींत या दोन हिशेबांत पाऊण तासाचं अंतर पडतं, आणि मचव्याच्या तांडेलाला किंवा थेम्समधल्या नावाड्याला पाऊण तासाने फारसा फरक पडत नसे. पाणी चढताना दिसतच असे.

फरक पडू लागला तो जहाजं मोठी झाली तेव्हा. लिव्हरपूल हे इथलं उत्तम उदाहरण. मर्सी नदीच्या मुखाशी उधाणात पाणी नऊ-दहा मीटर चढतं आणि उतरतं. अठराव्या शतकात तिथे बंदिस्त गोद्या बांधल्या गेल्या. त्यांची दारं भरतीच्या माथ्यावर थोडाच वेळ उघडत. ती वेळ हुकली की पुढच्या भरतीपर्यंत जहाज बाहेर ताटकळणार आणि मालकाचे पैसे वाया जाणार. गोदीचा अधिकारी विल्यम हचिन्सन याने १७६४ पासून जवळपास तीस वर्षं प्रत्येक भरतीची वेळ आणि उंची लिहून ठेवली. आधी तो खाजगी लुटारू जहाजावर कप्तान होता. अशा माणसाने रात्री-बेरात्री उठून पाण्याची उंची टिपावी ही गंमतच. त्याच्या पहिल्या काही वर्षांच्या नोंदींवरून जॉर्ज होल्डन या पाद्र्याने १७७० साली भरतीचे तक्ते छापले. ते इतके बरोबर येत की होल्डन घराण्याने आपली रीत पुढे कित्येक वर्षं गुपित ठेवली. लंडनमध्येही तक्ते करणाऱ्यांचा असाच व्यवहार होता. रीत बापाकडून मुलाकडे जाई आणि गिऱ्हाइकाला फक्त आकडे मिळत.

शास्त्रज्ञांना हे रुचण्यासारखं नव्हतं. न्यूटनने १६८७ मध्ये भरतीचं कारण सांगितलं होतं. लाप्लासने १७७५ च्या सुमारास पाणी प्रत्यक्षात कसं हलतं याची समीकरणं मांडली होती. तरीही या समीकरणांवरून अमुक बंदरात उद्या पाणी किती चढेल हे कुणालाच काढता येत नव्हतं. किनाऱ्याचा आकार, तळाची खोली, खाडीचं तोंड, सगळं त्यात येतं. १८३५ च्या जूनमध्ये केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने नऊ देशांतल्या साडेसहाशेहून अधिक ठिकाणी एकाच पंधरवड्यात भरतीच्या नोंदी करवून घेतल्या. काम प्रचंड होतं. त्यातून हाती आली ती नम्रता: प्रत्येक बंदराचा स्वभाव वेगळा.

कोंडी फोडली ती विल्यम टॉमसनने. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जगाला माहीत झालेला हा ग्लासगोचा प्राध्यापक तेव्हा अटलांटिक तळातल्या तारेच्या कामामुळे नावारूपाला आला होता. १८६७ पासून ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेच्या समितीतर्फे त्याने भरतीचं काम हाती घेतलं. लाप्लासच्याच एका कल्पनेला त्याने व्यवहारात उतरवलं. भरतीच्या वेड्यावाकड्या वक्ररेषेची फोड करायची: जणू आकाशात एक चंद्र नसून अनेक काल्पनिक चंद्र आहेत आणि प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या वेगाने अगदी गोल वर्तुळात फिरतो आहे. एकाचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा, तो सरासरी चंद्र. दुसऱ्याचा बरोबर १२ तासांचा, तो सूर्य. चंद्र पृथ्वीपासून जवळ-दूर होतो त्यासाठी तिसरा, विषुववृत्ताच्या वर-खाली जातो त्यासाठी आणखी काही. या प्रत्येक घटकाचा वेग खगोलशास्त्र सांगतं आणि तो सगळ्या जगात सारखाच असतो. बंदरागणिक बदलतात त्या दोनच गोष्टी: तो घटक तिथे पाणी किती उचलतो आणि किती उशिराने उचलतो.

हे दोन आकडे सिद्धांतातून मिळत नाहीत. त्यांसाठी त्या बंदरात निदान वर्षभर पाणी मोजावं लागतं. एकदा ते मिळाले की पुढचं केवळ बेरीज आहे. मात्र ही बेरीज वर्षातल्या प्रत्येक तासासाठी, दहा-वीस घटकांची, हाताने करायची म्हटलं तर हिशेबनिसांची फौज लागली असती.

१८७२ च्या ऑगस्टमध्ये टॉमसन ब्रिटिश असोसिएशनच्या सभेसाठी आगगाडीने ब्रायटनला निघाला होता. डब्यात त्याच्यासोबत ब्यूशँप टॉवर नावाचा अभियंता होता. घटक फिरवणारी चाकं करता येतील, पण त्या सगळ्यांची हालचाल एकत्र मिळवायची कशी, हा टॉमसनचा पेच. टॉवरने सुचवलं की एक साखळी किंवा तार सगळ्या कप्प्यांवरून वर-खाली अशी ओवत न्यावी. टॉमसनने हे श्रेय टॉवरला पुढे जाहीरपणे दिलं. ब्रायटनला पोचेपर्यंत यंत्राचा आराखडा तयार होता म्हणतात, आणि तसं वाटण्याइतकी ती कल्पना सोपी आहे.

प्रत्येक घटकासाठी एक चाक. चाकाच्या दात्यांची संख्या अशी निवडलेली की मुख्य दांडा फिरवला की ते आपल्या घटकाच्या वेगानेच फिरावं. चाकावर एक खुंटी. ती मध्यापासून किती लांब सरकवायची ते त्या बंदरात तो घटक किती पाणी उचलतो यावर. सुरुवातीचा कोन लावायचा तो उशिराच्या हिशेबाने. चाक फिरलं की खुंटीला जोडलेली कप्पी वर-खाली होते. तारेचं एक टोक पक्कं बांधलेलं. ती सगळ्या कप्प्यांवरून फिरून येते आणि दुसऱ्या टोकाला पेन लटकतं. एखादी कप्पी वर गेली की तार खेचली जाते, खाली आली की सैल सुटते. सगळ्या कप्प्यांचं वर-खाली होणं तारेच्या त्या एका टोकावर जमा होतं. पेनाखाली कागदाचा पट्टा सरकत असतो आणि त्यावर येणाऱ्या वर्षातली भरती-ओहोटी उमटत जाते. लंडनच्या लेजे कंपनीने घडवलेलं दहा घटकांचं पहिलं यंत्र असं होतं. एका बंदराचं वर्षभराचं पाणी ते चार तासांत काढून देई. दांडा हाताने फिरवायचा.

नेमक्या याच वर्षांत हिंदुस्थानातही भरती मोजण्याचं काम चाललं होतं, पण कारण जहाजं नव्हती. १८१९ च्या भूकंपात कच्छच्या रणाचा काही भाग खचला होता, काही वर आला होता. जमीन समुद्राच्या तुलनेत अजूनही सरकते आहे का, हा प्रश्न त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यासमोर होता. कॅप्टन ए. डब्ल्यू. बेअर्ड या इंजिनिअर अधिकाऱ्याला त्यासाठी कच्छच्या आखातावर धाडण्यात आलं. १८७३ ते १८७५ या काळात त्याने ओखा, हंसथल आणि नवानार इथे भरती-मापक बसवले. मापक म्हणजे काय? पाण्यात उभी रोवलेली लोखंडी नळी. तिच्यात तळाशी बारीक भोक, म्हणजे लाटा बाहेरच राहतात आणि पाण्याची खरी पातळी आत येते. आत एक तरंगता डबा, त्याला जोडलेली तार, वर घड्याळावर फिरणाऱ्या दंडगोलावर कागद आणि पेन्सिल. दिवस-रात्र रेघ उमटत राहते. आखाताचा तो किनारा चिखलाचा. त्या दलदलीत मापक उभे करून ते महिनोन्महिने चालते ठेवणं, घड्याळ अडलं तर नोंद तुटू न देणं, हे काम काय असेल याची कल्पना करावी.

बेअर्ड नंतर इंग्लंडला गेला आणि एडवर्ड रॉबर्ट्सकडे या नोंदींची फोड करायला शिकला. रॉबर्ट्स हा नाविक पंचांग कार्यालयातला हिशेबनीस. टॉमसनच्या यंत्रामागचं बरंचसं आकडेमोडीचं काम त्याचंच होतं, आणि यंत्राचं श्रेय कुणाचं किती यावरून या दोघांत पुढे कुरबूरही झाली. १८७७ साली हिंदुस्थान सरकारने बंदरोबंदरी पद्धतशीर नोंदी करायचं ठरवलं. १८७८ मध्ये मुंबईला अपोलो बंदरावर मापक सुरू झाला. कारवार, मद्रास, पोर्ट ब्लेअर, एडन अशी यादी वाढत गेली. वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्यांची फोड व्हायची आणि आकडे लंडनला जायचे. तिथे खास हिंदुस्थानसाठी रॉबर्ट्सने आखलेलं आणि लेजे कंपनीनेच बनवलेलं वीस घटकांचं यंत्र १८७९ पासून होतं. पुढे त्याचे घटक चोवीसवर नेण्यात आले. म्हणजे मुंबई बंदरात पुढच्या वर्षी श्रावणात पाणी किती चढणार, याची रेघ थेम्सकाठी कुणीतरी दांडा फिरवून काढायचा. तक्ते छापून बोटीने इकडे यायचे. ही व्यवस्था चाळीसएक वर्षं चालली. १९२१ साली ते यंत्र डेहराडूनला सर्वेक्षण खात्याकडे आलं.

या मापकांनी अशाही गोष्टी टिपल्या ज्या कुठल्याच चाकावर नव्हत्या. ३१ डिसेंबर १८८१ ला कार निकोबारजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराच्या काठावरच्या मापकांवर त्सुनामीच्या लाटा उमटल्या. १८८३ च्या ऑगस्टमध्ये क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या रेघांमध्ये दातेरी करवतीसारखे झटके दिसू लागले. बेअर्डने त्यावर रॉयल सोसायटीला टिपण पाठवलं. भरतीची अपेक्षित रेघ आधीच माहीत होती म्हणून तर त्यातून लाट वेगळी काढता आली.

यंत्रांचा प्रसार झाला. अमेरिकेत विल्यम फेरेलने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपलं यंत्र केलं. १९१० मध्ये तिथे ३७ घटकांचं दुसरं आलं, अकरा फूट लांब आणि अडीच हजार पौंड वजनाचं, तिथले कर्मचारी त्याला लाडाने 'म्हातारा पितळी मेंदू' म्हणत. जर्मनीने पहिल्या महायुद्धात आपलं पहिलं यंत्र बनवलं, कारण ब्रिटिश तक्ते मिळेनासे झाले होते. १९३० च्या दशकात त्यांनी दुसरं बांधलं ते ६२ घटकांचं, सात टनांचं. घटकांची ही चढाओढ अगदीच फुकट नव्हती. खोल समुद्रात सात-आठ घटकांवर भागतं. उथळ खाडीत शिरताना मात्र भरतीची लाट तळाला घासते, पुढून उभी आणि मागून पसरट होते. तो वाकडेपणा दाखवायला मूळ घटकांच्या दुप्पट-चौपट वेगाचे आणखी घटक जोडावे लागतात. आणि जहाजं अडकतात ती उथळ पाण्यातच.

या विषयाचं पुढचं केंद्र झालं लिव्हरपूल. १९१९ मध्ये तिथे भरतीच्या अभ्यासासाठी संस्था निघाली आणि आर्थर डूडसन तिचा कणा बनला. हा माणूस बहिरा, धर्मनिष्ठ आणि युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. तरी त्याला गणित येत होतं म्हणून तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड त्याच्याकडे आली. १९२१ मध्ये त्याने भरतीची जी फोड प्रसिद्ध केली तिच्यात ३८८ घटक होते. १९२९ मध्ये संस्था बिडस्टनच्या टेकडीवरच्या वेधशाळेत गेली. तिथे दोन यंत्रं होती: एक केल्विनच्या कंपनीचं, आणि दुसरं चाळीस घटकांचं, जे रॉबर्ट्सने १९०६ मध्ये स्वतःसाठी बांधून घेतलं होतं.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे वळू, कारण भरतीच्या आकड्यांची किंमत तिथे माणसांत मोजली गेली.

२० नोव्हेंबर १९४३. प्रशांत महासागरातल्या तारावा कंकणद्वीपावरचं बेटिओ हे चिमुकलं बेट जपान्यांकडून घ्यायला अमेरिकन मरीन सैनिक निघाले. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा. त्यावरून तराफ्यांसारख्या सपाट होड्या जायच्या तर साधारण चार फूट पाणी हवं होतं. पाच फूट असेल असा नियोजकांचा अंदाज. पण बेटिओवर वर्षभर पाणी कुणी मोजलेलंच नव्हतं. अंदाज होता तो दूरदूरच्या बंदरांवरून बेतलेला. तिथे राहिलेल्या एका न्यूझीलंडच्या अधिकाऱ्याने बजावलं होतं की या दिवसांत पाणी दगा देतं, चढतच नाही. त्याचं म्हणणं मागे पडलं. त्या दिवशी भांग होता आणि त्यातच चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर होता, म्हणजे ओढ दुहेरी कमी. पाणी तास न् तास कठड्यावर थबकून राहिलं. होड्या अडकल्या. सैनिक छातीभर पाण्यातून शेकडो यार्ड चालत निघाले, समोरून मशीनगन. ७६ तासांत बेट पडलं. सुमारे एक हजार अमेरिकन मेले. चंद्र आणि भांगाचा हा मेळ गणिताने दाखवून दिला तो भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सनने, १९८७ साली.

फ्रान्समधल्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरवताना असं होऊ द्यायचं नव्हतं. मात्र तिथला प्रश्न तारावाच्या उलट होता. त्या किनाऱ्यावर उधाणात पाणी सहा-सात मीटर चढतं. तिथल्या जर्मन सैन्याचा सेनापती रोमेल याची खात्री होती की शत्रू भरतीला येईल, कारण मग वाळूवर धावायचं अंतर कमी. म्हणून त्याने १९४४ च्या सुरुवातीपासून भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात लाकडी खांब, लोखंडी काटे आणि सुरुंग पेरले, भरतीच्या पाण्याखाली न दिसतील असे. दोस्तांच्या विमानांना हे ओहोटीच्या वेळी दिसलं. मग बेत उलटा झाला. ओहोटीनंतर पाणी चढायला लागताना उतरायचं: अडथळे उघडे असताना सुरुंगवाल्यांनी ते उडवायचे, मागून येणाऱ्या पाण्याबरोबर पुढच्या तुकड्या आत यायच्या. हे पहाट उजाडल्यावर लगेच घडायला हवं, आणि आदल्या रात्री हवाई छत्रीवाल्यांना चंद्रप्रकाश हवा. असे दिवस महिन्यात मोजकेच. शिवाय पाणी पंधरा मिनिटांत एक फूट चढत असताना वेळेत अर्ध्या तासाची चूक म्हणजे दोन फूट पाणी.

९ ऑक्टोबर १९४३ रोजी बाथ इथल्या नौदलाच्या कार्यालयातून भरती विभागाचा प्रमुख कमांडर विल्यम फार्क्हर्सन याने डूडसनला एक पत्र लिहिलं. त्यात घटकांच्या आकड्यांच्या अकरा जोड्या होत्या आणि जागेचं नाव होतं फक्त 'स्थान झेड'. १९४४ च्या एप्रिलपासून चार महिन्यांचं तासातासाचं पाणी काढून हवं होतं. फार्क्हर्सनने प्रांजळपणे कळवलं होतं की माहिती फार थोडी आहे, आकडे अंदाजाने बांधलेले आहेत आणि उथळ पाण्याच्या घटकांबाबत आपण जुगारच खेळत आहोत. अडचण खरी होती. शेर्बूर आणि ल आव्र या दोन टोकांच्या बंदरांचे आकडे चांगले होते. मधल्या किनाऱ्याचे नव्हते. आणि या टापूत भरती फारच वाकडी: ल आव्रला पाणी एकदा वर चढलं की दोन-तीन तास जवळपास तिथेच राहतं. मग अंधाऱ्या रात्री छोट्या होड्यांतून आणि बुटक्या पाणबुडीतून माणसं शत्रूच्या किनाऱ्याशी गेली. त्यांनी खोली मोजली, वाळूचे नमुने आणले, पोहत जाऊन उतार पाहिला. वर्षाच्या नोंदीची जागा हे भरून काढणार नव्हतं, पण अंदाजाला आधार मिळाला.

बिडस्टनला यंत्रं चालवणाऱ्यांत तरुण मुली बऱ्याच होत्या. आपण कुठल्या किनाऱ्याचं पाणी काढतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हतं. युद्धाच्या आधीच्या वर्षांत लिव्हरपूलवर बॉम्ब पडले होते. एकाच बॉम्बने दोन्ही यंत्रं जाऊ नयेत म्हणून ती वेधशाळेच्या वेगवेगळ्या भागांत ठेवली होती. जर्मनांकडे तोवर स्वतःची दोन यंत्रं होती आणि नॉर्मंडीचा किनारा तर त्यांच्याच ताब्यात होता. भरतीची माहिती त्यांच्याकडे दोस्तांपेक्षा सरस असायला काहीच हरकत नव्हती. चुकला तो अंदाज, शत्रू कोणत्या पाण्यात येईल याचा.

५, ६ आणि ७ जून हे दिवस निघाले. ५ ला वादळ होतं. ६ जूनला पौर्णिमा होती. अमेरिकन किनाऱ्यांवर पहिल्या होड्या साडेसहाला टेकल्या, ब्रिटिश आणि कॅनेडियन किनाऱ्यांवर जवळपास तासाभराने, कारण ओहोटीची वेळच पश्चिमेकडून पूर्वेकडे पुढे सरकते. पाणी सांगितल्यासारखं वागलं. बाकी बरंच वागलं नाही. यूटा किनाऱ्यावर प्रवाहाने होड्या दोनेक हजार यार्ड बाजूला नेल्या. ओमाहावर सुरुंगवाल्यांनी सोळा वाटा मोकळ्या करायच्या होत्या. गोळीबारात त्यांना पाच-सहाच जमल्या, तोवर पाणी चढलं आणि उरलेले अडथळे त्याखाली गेले. आदल्या रात्री ढगांनी चंद्रप्रकाशही अर्धा खाल्ला. मोहीम आणखी पंधरवडा पुढे ढकलली असती तर पुढचे भरतीचे दिवस १९ जूनच्या आसपास येत होते. त्याच तारखेला इंग्लिश खाडीत असं वादळ उठलं की दोस्तांनी तिथे उभारलेल्या तरंगत्या बंदरांपैकी एक मोडून पडलं.

या यशाचं श्रेय पितळी चाकांना किती द्यायचं? मोजून द्यावं. यंत्राने बेरीज अचूक केली, पण तिच्यात घातलेले आकडे फार्क्हर्सनने तुटपुंज्या माहितीवरून बांधले होते. तारावाला यंत्रं कमी नव्हती. अमेरिकेत म्हातारा पितळी मेंदू होताच. तिथे नव्हत्या त्या बेटिओच्या पाण्याच्या नोंदी. हे काम हचिन्सनच्या रात्रींवर आणि बेअर्डच्या चिखलातल्या नळ्यांवर उभं होतं, आणि इतिहासात त्यांची नावं यंत्र बनवणाऱ्यांच्या मानाने बारीक टाइपात येतात.

युद्धानंतर डूडसनने ४२ घटकांची आणखी मोठी यंत्रं बनवून घेतली. १९६० च्या दशकात संगणक आले आणि सगळी अडगळीत गेली. अमेरिकन यंत्र १९६५ मध्ये निवृत्त झालं. संगणक मूळ गणित तेच करतो, फक्त शेकडो घटक घेऊन आणि क्षणात. हवा शांत असेल तर आजचा तक्ता काही मिनिटांपलीकडे आणि काही सेंटिमीटरपलीकडे क्वचितच चुकतो. हवा शांत नसेल तर गोष्ट वेगळी. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात वादळाने उधाणाच्या पाण्यावर दोन मीटरहून जास्त पाणी चढवलं. नेदरलँड्समध्ये १,८३६ आणि इंग्लंडमध्ये ३०७ माणसं बुडाली. भरतीचा तक्ता त्या रात्रीही बरोबरच होता; तो वाऱ्याबद्दल काही सांगत नाही, एवढंच. त्या आपत्तीनंतर ब्रिटनने वादळी पाण्याच्या इशाऱ्यांची वेगळी यंत्रणा उभी केली.

मुंबईला हा धडा २६ जुलै २००५ ला मिळाला. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती येणार हे वर्षभर आधीच छापलेलं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडणार हे कुणीही छापलेलं नव्हतं. मिठी नदीचं पाणी समुद्रात जायच्या ऐवजी वस्त्यांत शिरलं. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडावर साडेचार मीटरवरच्या भरतींच्या तारखा वर्तमानपत्रांत चौकटीत येतात. भरतीच्या तासांत नाल्यांची समुद्राकडची दारं बंद ठेवून पंपांनी पाणी बाहेर फेकायचं, या हिशेबाने हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी पंपिंग स्टेशनं चालतात.

अपोलो बंदरावरच्या नोंदी आता वेगळ्याच कामाला येतात. १८७८ पासूनची ही मालिका आशियातल्या सर्वांत लांब मालिकांपैकी एक आहे. समुद्राची सरासरी पातळी शतकभरात किती वाढली हे काढायला जगभरचे संशोधक ती वापरतात. त्यासाठी ते भरती-ओहोटी, म्हणजे बेअर्ड ज्याची फोड करायला शिकला तो सगळा भाग, आधी वजा करून टाकतात. उरतं ते कच्छच्या आखातावर त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: जमिनीच्या तुलनेत समुद्र कुठे आहे.